पगार खात्यातला सेनापती

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात लष्कराच्या पगार खात्याची एक कचेरी होती. तिथे लेफ्टनंट मेरिक क्लिफ्टन जेम्स नावाचा गृहस्थ नोकरीला होता. वय पंचेचाळिशीच्या पुढचं, अंगकाठी किरकोळ, नाक धारदार. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, १८९८ सालचा. पहिल्या महायुद्धात तो सोमच्या लढाईत होता आणि त्याच युद्धात त्याने हाताचं एक बोट गमावलं. पेशाने नट. चार्ली चॅप्लिन ज्या फ्रेड कार्नोच्या मंडळीत घडला, त्याच कार्नोकडे जेम्सला रंगभूमीवरचं पहिलं काम मिळालं, आठवड्याला पंधरा शिलिंगांवर. पुढची वीसेक वर्षं तो नाटकं करत राहिला. नाव मात्र कधी झालं नाही. युद्ध सुरू झाल्यावर सैनिकांची करमणूक करणाऱ्या पथकात घ्या, असं त्याने सांगून पाहिलं. लष्कराने त्याला १९४० साली पगार खात्यात बसवलं. आयुष्यभर संवाद पाठ केलेला माणूस आता वेतनपत्रकं तपासू लागला, आणि खात्यातल्या हौशी नाटकांत काम करून आपली भूक भागवू लागला.

त्याच्याकडे एकच गोष्ट असामान्य होती आणि तिच्यात त्याचं कर्तृत्व काही नव्हतं. त्याचा चेहरा जनरल बर्नार्ड मॉन्टगोमेरीच्या चेहऱ्याशी विलक्षण जुळत होता. एका देशभक्तिपर कार्यक्रमात तो मॉन्टगोमेरीच्या पद्धतीची बेरे टोपी घालून रंगमंचावर आला, तेव्हा खरा जनरलच आला असं समजून प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एका वर्तमानपत्राने त्याचा फोटो छापला. तो फोटो योग्य माणसांच्या नजरेला पडला, आणि १९४४ च्या वसंत ऋतूत लेस्टरच्या कचेरीतला फोन वाजला.

पलीकडून बोलत होता लेफ्टनंट कर्नल डेव्हिड निव्हन. हॉलिवूडचा हा प्रसिद्ध नट युद्धासाठी सगळं सोडून इंग्लंडला परतला होता. लष्कराच्या चित्रपटांत काम करायला आवडेल का, लंडनला येऊन चाचणी द्याल का, असं त्याने विचारलं. जेम्सच्या मनाचं काय झालं असेल याची कल्पना कोणत्याही उपेक्षित नटाला करता येईल. अखेर कुणाला तरी आपली आठवण झाली, या समजुतीने तो लंडनला गेला. तिथे त्याला कळलं की चित्रपट वगैरे काही नाही. गुप्तचर खात्याला एक मॉन्टगोमेरी हवा होता.

या बेतामागचं डोकं ब्रिगेडियर डडली क्लार्कचं. कैरोत बसून शत्रूला चकवण्याचे बेत आखणारं 'ए फोर्स' हे खातं त्यानेच उभं केलं होतं. खोट्या पलटणी आणि खोटे रणगाडे उभे करणं हे त्याचं रोजचं काम. ऑक्टोबर १९४१ मध्ये माद्रिदमध्ये स्पॅनिश पोलिसांनी याच क्लार्कला पकडलं, तेव्हा तो नखशिखांत बाईच्या वेशात होता. त्याचे त्या वेशातले फोटो लंडनपर्यंत पोचले. असा माणूस 'फाइव्ह ग्रेव्ह्ज टू कैरो' हा बिली वाइल्डरचा चित्रपट पाहायला बसला आणि त्यात माइल्स मँडर या नटाला मॉन्टगोमेरीच्या रूपात पाहून त्याच्या डोक्यात वीज चमकली. पडद्यावर जमतं ते जिब्राल्टरला का जमू नये? पण मँडर खऱ्या मॉन्टगोमेरीहून चांगलाच उंच निघाला. उंची लपवायची कशी? दुसरा तोतया शोधला, तर अपघातात त्याचा पाय मोडला. तिसरा नंबर लागला पगार खात्यातल्या लेफ्टनंटचा. इतिहासात ज्याला आपण योजना म्हणतो, तिची निवड पुष्कळदा अशी उरलेल्यांतून झालेली असते.

बेताचं नाव होतं 'ऑपरेशन कॉपरहेड'. त्यामागचा विचार साधा होता. दोस्तांचं सैन्य फ्रान्सवर उतरणार हे १९४४ च्या मे महिन्यात जर्मनांना ठाऊक होतं. कुठे आणि कधी, हे ठाऊक नव्हतं. उतरणाऱ्या भूदलाचं नेतृत्व मॉन्टगोमेरीकडे होतं. तो जिथे दिसेल तिथे काहीतरी शिजतंय, हे शत्रू गृहीत धरणार. मग तो हल्ल्याच्या आठवडाभर आधी इंग्लंडपासून दूर, भूमध्य समुद्राच्या तोंडाशी दिसला तर? दक्षिण फ्रान्सवर हल्ला होणार असं तरी त्यांना वाटेल, किंवा उत्तरेकडचा हल्ला अजून लांब आहे असं तरी.

मॉन्टगोमेरी हा आपल्याकडच्या जुन्या पिढीला परका नव्हता. तरुण अधिकारी म्हणून तो १९१० च्या सुमारास आपल्या पलटणीबरोबर मुंबईत होता. 'ग्नाइझनाउ' ही जर्मन युद्धनौका मुंबईला आली, तेव्हा पाहुण्यांबरोबर फुटबॉलचा सामना ठरला. पाहुण्यांचा मान राखून कच्चा संघ उतरव, असं मॉन्टगोमेरीला वरून सांगितलं होतं. त्याने सगळे पक्के खेळाडू उतरवले आणि चाळीस गोलांनी सामना जिंकला, असं त्याच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. पुढे १९४३ च्या नोव्हेंबरात इटलीतल्या सांग्रो नदीवर त्याची आठवी सेना लढली, त्या सेनेतल्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच पलटणीचे.

अशा माणसाचं सोंग घ्यायचं म्हणजे नुसता चेहरा पुरत नाही. जेम्सला गुप्तचर विभागातल्या सार्जंटचा वेश देऊन मॉन्टगोमेरीच्या ताफ्यात सोडण्यात आलं. जनरल चालतो कसा, पाठीमागे हात कसे बांधतो, सॅल्यूट कसा करतो, बोलताना कोणत्या शब्दावर जोर देतो, सैनिकांकडे पाहून कसा हसतो, हे सगळं त्याने टिपून घेतलं. दोघांची प्रत्यक्ष भेटही झाली. नटाच्या दृष्टीने याहून मोठी तालीम नाही. ज्याची भूमिका करायची तो माणूस समोर बसलेला, आणि भूमिका वठली नाही तर प्रेक्षक शिट्ट्या मारणार नाहीत, गोळ्या झाडतील.

अडचणी दोन होत्या. जेम्सला एक बोट नव्हतं. मॉन्टगोमेरीची दहाच्या दहा शाबूत. म्हणून जेम्ससाठी खोटं बोट बनवून घेतलं. दुसरी अडचण जास्त अवघड. जेम्स सिगारेट ओढायचा आणि दारू प्यायचा. मॉन्टगोमेरी या दोन्ही गोष्टींना शिवत नसे आणि त्याचं हे सोवळं जगाला माहीत होतं. घाबरलेला नट विंगेत उभा असताना ज्या दोन आधारांकडे हात नेतो, तेच नेमके काढून घेतलेले. शिवाय घरी बायकोला एक अक्षर सांगायचं नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त कौतुक याच गोष्टीचं वाटतं. बोट रबराचं करता येतं. भीती मात्र खरीच होती, आणि ती त्याने कोरड्या घशाने गिळली.

२६ मे १९४४ रोजी लंडनच्या नॉर्थोल्ट विमानतळावरून चर्चिलच्या खासगी विमानाने 'जनरल मॉन्टगोमेरी' निघाला. रात्रीचा प्रवास करून विमान जिब्राल्टरला उतरलं. मानवंदना झाली, मोटारी निघाल्या, रस्त्यावरचे सैनिक जल्लोष करू लागले. आपल्याकडे पूर्वी गावात बहुरूपी यायचा, फौजदाराचा वेश करून दरडावायचा. तो बहुरूपी आहे हे त्यालाही माहीत आणि गावालाही माहीत, म्हणून हसू यायचं. जिब्राल्टरमध्ये ओरडून स्वागत करणाऱ्या हजारो सैनिकांना मात्र ते माहीत नव्हतं. आपल्या लाडक्या सेनापतीला पाहून त्यांना खरोखर बळ आलं असणार.

गव्हर्नर सर राल्फ ईस्टवुड हा मॉन्टगोमेरीचा जुना ओळखीचा. त्याला आधी कल्पना दिलेली होती, तरी त्यालाही नाटक करायचं होतंच. न्याहारीनंतर दोघं गव्हर्नरच्या बागेत फिरू लागले. ठरल्याप्रमाणे त्याच वेळी काही स्पॅनिश पाहुणे तिथे आले. जिब्राल्टरच्या सीमेपलीकडे लगेच स्पेन, आणि स्पेनमधून जर्मनांकडे बातम्या जायच्या. ब्रिटिशांकडे ये-जा असलेला एक स्पॅनिश अधिकारी जर्मनांना बातम्या पुरवतो, हे ब्रिटिशांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्याची सोय केली होती. जेम्सने त्या मंडळींच्या कानावर पडेल अशा बेताने 'प्लॅन ३०३'चा विषय काढला. असा प्लॅन कुठे अस्तित्वातच नव्हता. मग जणू आपण बोलून गेलो असं दाखवत त्याने विषय बदलला आणि हवापाण्यावर, बागेतल्या फुलांवर आला. मॉन्टगोमेरीच्या नावाची अक्षरं असलेले खाकी रुमाल इकडेतिकडे 'विसरण्याचं' कामही त्याच्याकडे होतं, असं त्याच्या आठवणींत आहे.

हा प्रवेश मी वेगवेगळ्या वर्णनांत वाचला, आणि दर वेळी माझं लक्ष बागेतल्या त्या क्षणावर थांबलं. तिथे सगळेच नट आहेत. गव्हर्नर मित्राचं काम करतोय, हेर सभ्य पाहुण्याचं, जेम्स सेनापतीचं. प्रेक्षक बसलेत बर्लिनमध्ये. आणि या सगळ्यांत एकटाच माणूस असा आहे की ज्याचा हा खरा धंदा आहे. आयुष्यभर दुय्यम भूमिका केलेल्या त्या नटाला शेवटी मोठी भूमिका मिळाली, आणि त्याने ती चोख केली.

जिब्राल्टरहून तो अल्जियर्सला गेला. भूमध्य आघाडीचा सरसेनापती जनरल मेटलँड विल्सन याच्याशी मॉन्टगोमेरी खलबतं करतोय, असा देखावा तिथे उभा केला होता. पुन्हा मानवंदना, पुन्हा गर्दी, पुन्हा मुद्दाम पसरवलेल्या कुजबुजी. मग एके दिवशी सेनापती नाहीसा झाला. जेम्सने बेरे उतरवली, लेफ्टनंटचा गणवेश चढवला आणि त्याला गुपचूप कैरोला नेण्यात आलं. ६ जूनला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरेपर्यंत त्याने तिथे दडून राहायचं होतं. एकाच वेळी दोन मॉन्टगोमेरी जगाला दिसून चालणार नव्हते. या सोंगाच्या दिवसांपुरता त्याला जनरलच्या दराने पगार दिला गेला, असं या प्रकरणाच्या वर्णनांत येतं. पगार खात्यातल्या माणसाला या नोंदीचं मोल बरोबर कळलं असेल.

उपयोग किती झाला? मॉन्टगोमेरी जिब्राल्टरला आल्याची बातमी जर्मनांपर्यंत पोचली, इतकं नक्की. पण त्या बातमीमुळे त्यांनी आपली मोठी फौज कुठून कुठे हलवली, असा पुरावा नाही. नॉर्मंडीच्या वेळी जर्मनांना खरं गुंगवलं ते उत्तरेकडच्या 'फॉर्टिट्यूड' या अवाढव्य बनावाने आणि 'गार्बो' या टोपणनावाच्या स्पॅनिश माणसाने. हुआन पुहोल त्याचं नाव. पूर्वी कोंबड्या पाळणाऱ्या या माणसाने आपल्या कल्पनेतून दोन डझनांहून जास्त हेर जन्माला घातले आणि त्या प्रत्येकाच्या खर्चाची बिलं जर्मनांकडून वसूल केली. त्याच्या तुलनेत जेम्सची फेरी छोटी ठरते. म्हणून काही इतिहासकार कॉपरहेडला गंमतीचं प्रकरण समजून चार ओळींत उरकतात. मला ते मान्य नाही. फसवणुकीच्या कामात कोणता धागा शत्रूच्या मनात अडकेल हे आधी कळत नसतं. अनेक धागे सोडावे लागतात. आणि जेम्सकडून जे मागितलं होतं ते त्याने पुरेपूर दिलं. बर्लिनमध्ये बातमीचं काय झालं याचा हिशेब त्याच्या नावावर मांडणं न्यायाचं नाही.

इथे गोव्याची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती याच जातीची आहे आणि तिच्यात पुन्हा निव्हन आहे. मार्च १९४३. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात आणि पोर्तुगाल तटस्थ. मुरगावच्या बंदरात 'एरेनफेल्स' आणि आणखी काही जर्मन जहाजं, एक इटालियन जहाज, युद्ध सुरू झाल्यापासून आसरा घेऊन पडलेली. 'एरेनफेल्स'वरून वायरलेसने जर्मन पाणबुड्यांना आपल्या जहाजांची माहिती मिळते, असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ बंदरात उघडपणे सैन्य पाठवता येत नाही. म्हणून काम सोपवलं 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी घोडदळावर. त्यातले लोक कोण? बँकेतले, चहाच्या मळ्यांतले, कंपन्यांतले गोरे साहेब. बहुतेक पोक्त वयाचे, क्लबात संध्याकाळ घालवणारे, कित्येकांची पोटं सुटलेली. 'फीबी' नावाची गाळ वाहून नेणारी जुनाट बोट कलकत्त्याहून अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून निघाली. बरीचशी मंडळी रेल्वेने कोचीनला जाऊन तिच्यावर चढली. ९ मार्चची रात्र निवडली होती. कार्निव्हलची ती शेवटची रात्र, दुसऱ्या दिवशी ॲश वेन्सडे. जहाजांवरचे जास्तीत जास्त लोक किनाऱ्यावर राहावेत म्हणून मेजवानीची, आणि वेश्यावस्तीत फुकट सोय करण्याचीही व्यवस्था या लोकांनी केली होती. मध्यरात्रीनंतर बांबूच्या शिड्या लावून ही चाळिशी उलटलेली मंडळी जहाजावर चढली. 'एरेनफेल्स'चा कप्तान मारला गेला, खलाशांनी जहाज बुडवलं, आणि आग पाहून बाकीच्या जहाजांच्या खलाशांनीही आपापली जहाजं पेटवून बुडवली. लाइट हॉर्सवाले सगळे जिवंत परतले आणि कामावर रुजू झाले.

पदक नाही, बातमी नाही, बोलायची परवानगी नाही. १९७८ साली जेम्स लीझरच्या 'बोर्डिंग पार्टी' या पुस्तकाने ही गोष्ट जगासमोर आणली. दोन वर्षांनी 'द सी वुल्व्हज' हा चित्रपट आला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि निव्हन ही मंडळी त्याच्या चित्रीकरणासाठी गोव्यात येऊन राहिली होती. लाइट हॉर्सच्या कर्नल ग्राइसची भूमिका केली निव्हनने. ज्याने एका अनोळखी नटाला फोनवरून खऱ्या हेरगिरीत ओढलं होतं, तोच छत्तीस वर्षांनी दुसऱ्या सामान्य माणसांच्या हेरगिरीचं नाटक करत मुरगावच्या पाण्यावर उभा होता.

कलकत्त्याच्या साहेबांना गप्प राहणं परवडलं; त्यांच्या नोकऱ्या शाबूत होत्या. जेम्सचं तसं नव्हतं. तो लेस्टरला परतला तेव्हा काही आठवडे कुठे होता, हे त्याला कुणालाच सांगता येईना. कामावरून बेपत्ता झालेल्या माणसाबद्दल लोक जे बोलतात तेच त्याच्याबद्दल बोलले गेले. युद्ध संपलं, गणवेश उतरला, पण नाटकात काम मिळेना. मॉन्टगोमेरीला १९४६ मध्ये उमरावपद मिळालं. त्याच सुमारास त्याचा हुबेहूब चेहरा असलेला माणूस बायको आणि दोन मुलांसाठी बेकारभत्त्याचा अर्ज करत होता. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे आपल्या आयाबायांनी सांगून ठेवलेलं आहे. ज्याने अख्ख्या जर्मन गुप्तचर खात्यासमोर सेनापतीचं सोंग वठवलं, त्याला हे दुसरं सोंग काही जमलं नाही.

सरकारांना गुप्तता लागते, हे मला पटतं. युद्ध चालू असताना जेम्सने तोंड उघडलं असतं तर माणसं मेली असती. पण काम झाल्यावर, गुपिताची गरज संपल्यावर, त्या माणसाला परत त्याच्या आयुष्यात नीट पोचवून देण्याची जबाबदारी कुणाची? हेरखात्याच्या मोठ्या साहेबांनी आठवणी लिहिल्या, संस्थांचे प्रमुख झाले. फोनवरून बोलावलेल्या माणसाला परतीचा फोन कुणी केला नाही. १९४३ च्या 'ऑपरेशन मिन्समीट'मध्ये तर ज्याचा मृतदेह खोटी कागदपत्रं खिशात घालून स्पेनच्या किनाऱ्याजवळ सोडला, तो ग्लिन्डुर मायकल हा वेल्समधला बेघर, निराधार तरुण. त्याच्या वतीने कुणी होकार दिला नव्हता. वेल्वाच्या दफनभूमीतल्या शिळेवर त्याचं खरं नाव कोरलं गेलं ते १९९० च्या दशकात, अर्ध्या शतकानंतर.

जेम्सचं नशीब त्याच्याहून बरं. १९५४ साली त्याचं 'आय वॉज मॉंटीज डबल' हे पुस्तक आलं. शब्दांकन दुसऱ्या लेखकाचं, आठवणी त्याच्या. १९५८ साली जॉन गिलरमनने त्यावर चित्रपट केला, पटकथा ब्रायन फोर्ब्सची. गुप्तचर अधिकाऱ्याचं काम जॉन मिल्सने केलं. आणि जेम्सच्या भूमिकेसाठी निर्मात्यांनी जेम्सलाच घेतलं. मॉन्टगोमेरीच्या भूमिकेसाठीही त्यालाच. चौदा वर्षांपूर्वी फोनवर त्याला चित्रपटाचं जे आमिष दाखवलं होतं, ते अखेर खरं झालं. त्यानंतर पाच वर्षांत, मे १९६३ मध्ये, तो गेला. खरा मॉन्टगोमेरी १९७६ पर्यंत जगला.

हा चित्रपट आजही मिळतो. मिळवून जरूर पाहा. शेवटाकडे जर्मन सैनिक तोतया मॉन्टगोमेरीला पळवून न्यायला येतात, तो सगळा भाग कल्पित आहे, घडलेला नाही. तो सोडून द्या. तालमीचे प्रसंग पाहा. साठीचा एक माणूस तिथे स्वतःच्याच भीतीचा अभिनय करतोय, आणि तो फार चांगला नट आहे.